सहा महिन्यांत साडेपाच किलो: ७८ वर्षांच्या एका आजींच्या कुपोषणाचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. वृद्धांच्या तपासणीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीभोवती गुंफल्या आहेत, आणि आकडे असे घेतले आहेत की वाचणाऱ्याला प्रत्येक हिशेब स्वतः करून पाहता येईल.

परिस्थिती

आजींचे वय ७८. पती जाऊन आठ महिने झाले. एकट्या राहतात, स्वयंपाक स्वतः करतात, अलीकडे घराबाहेर पडत नाहीत. मुलगी दुसऱ्या गावी असते, महिन्यातून एकदा येते. मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रक्तदाबाची एक गोळी आणि वारंवार लघवीला जावे लागते म्हणून चार महिन्यांपूर्वी सुरू झालेले ऑक्सिब्युटिनिन, एवढी औषधे चालू होती. महिन्याभरापूर्वी आठवडाभर ताप-खोकला होऊन गेला.

त्यांना तपासणीला आणले ते खाण्याच्या तक्रारीसाठी नव्हे. न्हाणीघरात पाय लटपटले, त्या खाली बसल्या आणि आधाराशिवाय उठता येईना, म्हणून. मुलीचे म्हणणे असे: "आईचं वय झालं, थकली आहे. खाणं पहिल्यापासूनच कमी." घरात धान्य, दूध, फळे, सगळे होते. पैशाची अडचण नव्हती. अशा घरात कुपोषण असू शकेल, हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

फाइलमध्ये होते, पण कुणी वजाबाकी केली नव्हती

जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा तीन वजने सापडली. सहा महिन्यांपूर्वी ४९ किलो, दोन महिन्यांपूर्वी ४५.८ आणि आज ४३.५. दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदीशेजारी शेरा होता: "साखर उत्तम, वजन कमी झाले, छान." त्या दिवशीच घट ३.२ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या साडेसहा टक्के झाली होती. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले तर कारण शोधायलाच हवे, वय कितीही असो. आज ती घट ५.५ किलो, ११.२ टक्के.

म्हातारपणी माणूस थोडे बारीक होतेच, ही समजूत इथे सर्वांत जास्त नुकसान करते. वयाबरोबर स्नायू हळूहळू कमी होतात हे खरे, पण ते वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. काही महिन्यांत कपडे ढगळ होणे, बांगड्या कोपरापर्यंत सरकणे, गाल बसणे आणि गळपट्टीची हाडे वर येणे हे वयाचे लक्षण नाही.

उंचीचा घोळ त्याहून नाजूक. आजींना पोक आले आहे. उभे करून मोजली तर उंची १४३ सेंटीमीटर भरली आणि बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आला २१.३. कागदावर हा आकडा कुणालाही ठीक वाटेल. पाठ वाकलेल्या माणसाची उंची मात्र गुडघ्याच्या मापावरून काढावी. माणसाला बसवून किंवा निजवून गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवायचा आणि टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वर मांडीच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर घ्यायचे. आजींचे ते माप ४५ सेंटीमीटर. स्त्रियांसाठी सूत्र असे: ८४.८८ वजा (०.२४ गुणिले वय) अधिक (१.८३ गुणिले गुडघ्याचे माप). आले १४८.५ सेंटीमीटर. आता बीएमआय होतो १९.७. (पुरुषांसाठी ६४.१९ वजा ०.०४ गुणिले वय, अधिक २.०२ गुणिले माप.) पायांवर सूज असेल तर वजनही फसवते. पाणी मांसाची जागा घेते आणि काटा हलत नाही.

किती गंभीर?

वृद्धांचे पोषण तपासण्यासाठी वापरतात त्या एमएनएच्या छोट्या प्रश्नावलीत सहा प्रश्न असतात आणि एकूण गुण १४. आजींना मिळाले ते असे: खाणे मध्यम कमी झाले १, तीन किलोहून अधिक घट ०, घरात फिरतात पण बाहेर पडत नाहीत १, गेल्या तीन महिन्यांत आजारपण ०, स्मृतिभ्रंश किंवा तीव्र नैराश्य नाही २, बीएमआय १९ ते २१ मध्ये १. बेरीज ५. बारा किंवा जास्त म्हणजे ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. बीएमआय काढता येत नसेल तर त्या प्रश्नाऐवजी पोटरीचा घेर चालतो: ३१ सेंटीमीटरला किंवा वर ३ गुण, त्याखाली ०. आजींची पोटरी २९.५ भरली.

मस्ट या दुसऱ्या पद्धतीत बीएमआय १८.५ ते २० साठी १ आणि १० टक्क्यांवरील घटीसाठी २, असे ३ गुण झाले. २ किंवा अधिक म्हणजे मोठा धोका. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उंची चुकीची, १४३ धरली असती तरी नुसत्या वजनघटीने २ गुण मिळालेच असते. एकट्या बीएमआयवर विसंबणाऱ्याची फसगत झाली असती, घट विचारणाऱ्याची नाही.

कुपोषण ठरवण्याच्या ग्लिम निकषांत शरीरावरचे एक लक्षण आणि त्यामागचे एक कारण, असे दोन्ही लागतात. घट आहे, कमी खाणे आहे. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट असल्यामुळे हे कुपोषण तीव्र गटात गेले.

ताकदीची मोजणी: मुठीची पकड १३ किलो. आशियाई निकषांत स्त्रियांसाठी १८ च्या खाली कमी समजतात. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला २१ सेकंद लागले, तर १२ किंवा जास्त लागले तरी मंद धरतात. न्हाणीघरात उठता का आले नाही, ते इथे कळते.

रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन ३.९ होते, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत. या आकड्यावर "प्रथिने ठीक आहेत" असा निर्वाळा देण्याची सवय अजून सुटलेली नाही, ती सुटायला हवी. अल्ब्युमिन मुख्यतः शरीरातल्या दाहाने आणि यकृत-मूत्रपिंडाच्या आजारांनी खाली जाते. उपाशी माणसात ते बराच काळ जागेवर राहू शकते. उलट ब१२ जीवनसत्त्व कमी निघाले, हिमोग्लोबिन १०.४ होते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप, ६.१ टक्के. थायरॉइड, मूत्रपिंड, छातीचा एक्स-रे आणि शौचातील रक्ताची तपासणी यांत काही सापडले नाही. एवढी घट असताना कर्करोग, क्षय, थायरॉइड हे शोधल्याशिवाय नुसते "खायला घाला" म्हणून घरी पाठवू नये.

भूक गेली कुठे?

तीन दिवस खाल्लेले सगळे लिहून काढले, त्यांतला एक दिवस मुलगी घरी असतानाचा. नोंद ताटात वाढल्याची नव्हे, पोटात गेल्याची. सरासरी आली ८५० किलोकॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिने. वृद्धांसाठी साधारण हिशेब किलोमागे ३० किलोकॅलरी, म्हणजे आजींना सुमारे १३००. प्रथिने निरोगी वृद्धाला किलोमागे किमान १ ग्रॅम आणि आजारी किंवा कुपोषिताला १.२ ते १.५, म्हणजे ५२ ते ६५ ग्रॅम. ऊर्जेत एक तृतीयांश तूट, प्रथिनांत निम्मी.

वहीतून दुसरीही गोष्ट दिसली. मुलगी समोर बसली त्या दिवशी आजी २०० किलोकॅलरी जास्त जेवल्या.

कारणे एकेक करून पुढे आली, आणि एकही विलक्षण नव्हते. चार दशके दोघांसाठी रांधणाऱ्या बाईला एकटीसाठी चूल पेटवाविशी वाटत नव्हती. हे दुःख आहे. त्यासाठी नैराश्याची चाचणी करावीच, पण प्रत्येक शोकाला गोळीचे उत्तर नसते. कवळी सैल झाली होती. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते आणि जुनी कवळी बसत नाही. ती हलली की हिरड्या दुखतात, मग चावायचे पदार्थ मागे पडतात: अंडी, दाणे, कडधान्ये, कोशिंबीर. राहतो मऊ भात, चहा, टोस्ट. म्हणजे सैल कवळीने नेमकी प्रथिनेच ताटातून काढली. कवळी रात्रंदिवस तोंडात असे, म्हणून टाळूवर बुरशीचे पांढरे चट्टे होते. तोंडात जळजळ का होते, हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

ऑक्सिब्युटिनिनने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठता वाढते. कोरड्या तोंडात घास घोळत राहतो, आणि चार-चार दिवस पोट साफ नसेल तर दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते. रात्री उठावे लागू नये म्हणून आजी दिवसभरात पाणी, चहा, सगळे मिळून ९०० मिलिलिटर पीत. स्त्रियांना पेयांतून साधारण १.६ लिटर लागते. मेटफॉर्मिनने भूक मंदावते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि दीर्घकाळ घेतल्यास ब१२ घटते.

शेवटचे कारण सगळ्यांत हळवे, कारण ते काळजीपोटी आले. मधुमेह म्हणून गोड बंद, कोलेस्टेरॉल म्हणून स्निग्ध आणि अंड्याचा बलक बंद, रक्तदाब म्हणून मीठ जवळजवळ बंद. ही पथ्ये आजींना ६२ किलो वजनाच्या असताना सांगितली होती. वजन उतरत गेले, पथ्ये तशीच राहिली. उरले ते बेचव, कमी ऊर्जेचे अन्न. कुपोषणाचा धोका असलेल्या वृद्धाला खाणे कमी करणारी पथ्ये शक्यतो लावू नयेत, ही आज पोषणतज्ज्ञांची स्पष्ट भूमिका आहे. ७८ व्या वर्षी, इतक्या अशक्त माणसात एचबीए१सी ६.१ टक्के ही शाबासकीची गोष्ट नव्हे. अशा वेळी ८ टक्क्यांच्या आत असली तरी पुरते.

पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घोगरा-ओला आवाज, वारंवार छातीत कफ, यांपैकी काही असते तर आधी गिळण्याची तपासणी लागली असती. आजींना तसे काही नव्हते.

उपाय: आधी अडथळे, मग ताट

पहिल्या आठवड्यात खाण्याचे प्रमाण थोडेच वाढवून वाटेतल्या धोंडी काढल्या. ऑक्सिब्युटिनिन डॉक्टरांनी थांबवले. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोनदा केले. ब१२ सुरू झाले. बुरशीसाठी नायस्टॅटिन, आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवण्याची सवय. दंतवैद्याने कवळीला आतून नवा थर दिला. पूर्ण नवी कवळी लगेच केली नाही, कारण वजन वाढताना हिरड्यांचा आकारही थोडा बदलतो. पाण्याचा मोठा भाग संध्याकाळी पाचच्या आत संपवायचा ठरले, म्हणजे रात्रीची फेरी वाढत नाही. मीठ आणि फोडणी परत आली.

अन्न वाढवताना घाई धोक्याची असते. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर पिष्टमय अन्न मिळाले की इन्सुलिन उसळते, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि रक्तात ते कोसळते. हृदयाची लय बिघडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. बीएमआय १६ च्या खाली, किंवा काही महिन्यांत १५ टक्क्यांवर घट, किंवा दहा दिवसांहून अधिक जवळजवळ उपवास, किंवा हे क्षार आधीच कमी असणे, यांतले एक असले तरी धोका मोठा. अशा माणसाचे खाणे किलोमागे १० किलोकॅलरीपासून, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, रुग्णालयाच्या देखरेखीत वाढवावे लागते. आजी या गटात नव्हत्या, पण १० टक्क्यांवरची घट होतीच. म्हणून क्षार तपासले, थायमिन दिले आणि पहिल्या आठवड्यात १०००, दुसऱ्यात १२००, तिसऱ्यापासून १४०० असा चढ ठेवला.

ताटाचा आकार वाढवला नाही. भूक नसलेल्या माणसासमोर भरलेले ताट ठेवले की उरलेली भूकही मरते. त्याच घासात जास्त भरायचे, हे सूत्र:

- पूर्ण स्निग्ध दूध ५०० मिलिलिटर, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम. आधी थोड्या कोमट दुधात पावडर विरघळवून मग उरलेले घालायचे, नाहीतर गुठळ्या होतात आणि ग्लास तसाच राहतो. मिळतात सुमारे ४९० किलोकॅलरी, ३४ ग्रॅम प्रथिने. हेच दूध चहा, खीर, लापशीत दिवसभर वापरायचे.
- एक अंडे, बलकासह: ७० किलोकॅलरी, ६ ग्रॅम.
- घट्ट शिजवलेली डाळ १५० ग्रॅम: १७० किलोकॅलरी, १३ ग्रॅम. पातळ डाळीच्या वाटीत याच्या निम्मेही नसते.
- भात १५० ग्रॅम: १९५ किलोकॅलरी, ४ ग्रॅम.
- दाण्यांची बारीक वाटलेली चटणी किंवा दाण्यांचेच लोणी (पीनट बटर), मोठा चमचाभर: ९५ किलोकॅलरी, ४ ग्रॅम.
- तेल किंवा तूप, चहाचे तीन चमचे, शिजलेल्या अन्नावर: १३५ किलोकॅलरी.

यात एक केळे आणि दोन टोस्ट धरले की सुमारे १४०० किलोकॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात. सहा वेळांत विभागायचे आणि प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तिन्ही मुख्य वेळांना १५ ते २० ग्रॅम. झोपण्यापूर्वीचा ग्लास सर्वांत सोपा, कारण पुढच्या जेवणाची भूक तो मारत नाही. बाजारातली तयार पूरक पेये लागलीच तर दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने मिळतील एवढी, निदान महिनाभर आणि दोन जेवणांच्या मध्ये द्यावीत. जेवणाऐवजी दिली तर बेरीज तेवढीच राहते.

"खा गं, अजून दोन घास" हा आग्रह बंद केला. आग्रहाने जेवण परीक्षेसारखे होते. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा शेजारच्या बाई बरोबर जेवू लागल्या आणि इतर दिवशी मुलगी दुपारच्या जेवणाच्या वेळी फोन लावून स्वतःही जेवत असे. माझ्या मते या प्रकरणात एकट्या कोणत्याही पावडरीपेक्षा याचा वाटा मोठा आहे.

व्यायाम पहिल्या आठवड्यापासून. नुसते खाल्ले तर वजन चरबीत जाते, उठायची ताकद येत नाही. खुर्चीवरून उठ-बस पाच वेळा, दिवसातून तीनदा, आधी हाताच्या आधाराने, मग बिनआधार.

मध्येच काय बिघडले

दुसऱ्या आठवड्यात पोट फुगून जुलाब झाले. पन्नास ग्रॅम पावडर पहिल्याच दिवशी घातली गेली होती. ती १५ ग्रॅमवर आणली, निम्म्या दुधाचे दही केले आणि दर चार दिवसांनी १० ग्रॅम वाढवली.

तिसऱ्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर ११५ वरून १५० झाली आणि मुलीने घाबरून दूध बंद केले. दोन दिवस पुन्हा मागे गेले. साखर थोडी वाढणार, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, आणि किती वाढली की फोन करायचा तो आकडाही लिहून द्यावा. इथे उपाशीपोटी १८० ठरला.

त्याच आठवड्यात वजन १.२ किलोने वाढले आणि सगळे सुखावले. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडत होता. मांस आठवड्यात एवढे येत नाही, ते पाणी होते. क्षार आणि हृदय तपासले, ठीक निघाले, आणि सूज दहा दिवसांत ओसरली. खरी वाढ आठवड्याला पाव किलोच्या आसपास असते. त्याहून वेगाने काटा चढला तर आधी घोटे पाहावेत.

बारा आठवड्यांनी

वजन ४६.२ किलो, बीएमआय २१. पोटरी ३०.५. पकड १५ किलो. पाच उठ-बशींना १५ सेकंद. एचबीए१सी ७ टक्के. मूळचे ४९ किलो परत आलेले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. या वयात गेलेला स्नायू सहजी परतत नाही, म्हणून दुसऱ्या महिन्यात दीड किलो उतरताच घट ओळखण्याचे मोल सहाव्या महिन्यात साडेपाच किलो उतरल्यावर ओळखण्यापेक्षा जास्त असते.

घरात काय ठेवायचे

वजनकाटा, आणि त्याच्या वर भिंतीवर एक आकडा. नेहमीच्या वजनाला ०.९५ ने गुणायचे. ४९ किलोच्या माणसासाठी तो ४६.५ येतो. महिन्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत वजन घ्यायचे. त्या आकड्याखाली काटा गेला की पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. आजींच्या बाबतीत हा इशारा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मिळाला असता. काट्यावर उभे राहता येत नसेल तर पोटरीचा घेर, नेहमी त्याच पायाचा, सर्वांत जाड जागी, फीत न आवळता.

अधूनमधून येणाऱ्या मुलांनी फ्रिज उघडून पाहावा: गेल्या वेळी आणलेले तसेच आहे का, शिळे एकच भांडे पुनःपुन्हा तापवले जाते आहे का. बोलताना कवळी खटखटते का, घड्याळाचा पट्टा किती भोकांनी आत गेला, जखम भरायला वेळ लागतो का, हेही डोळ्यांना दिसते. "जेवलीस का?" या प्रश्नाचे उत्तर नेहमी "हो" येते. "काल रात्री काय केलं होतंस?" असे विचारावे.

आणि दर सहा महिन्यांनी, किंवा कोणताही आजार, रुग्णालयातला मुक्काम अथवा घरातला मृत्यू यांनंतर लगेच, औषधांची आणि पथ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून प्रत्येक ओळीला विचारावे: हे आजच्या वजनाला अजून लागू आहे का?